भार वाढतो, ब्रेक मात्र तेवढेच राहतात

गोव्यातील रस्त्यांवरून नित्य ये-जा करणाऱ्या माणसाला ट्रकची प्रकृती ओळखण्यासाठी तंत्रज्ञ असावे लागत नाही. चढणीवर काळा धूर सोडत मुंगीच्या गतीने सरकणारी गाडी, एका अंगाला कललेला हौदा, चिखलाने माखलेली क्रमांकाची पाटी, मागच्या दिव्यांपैकी एक फुटलेला आणि दुसरा तारेने बांधलेला, अर्धवट ओढलेली ताडपत्री आणि तिच्या कडेने गळणारी खडी! हे दृश्य इतके अंगवळणी पडले आहे की, अशा ट्रकच्या मागे अडकलेला दुचाकीस्वार तोंडावर रुमाल धरतो, संधी मिळताच पुढे निघून जातो आणि पुढच्या वळणावर ते विसरूनही जातो.

अपघात झाला म्हणजे मात्र चर्चा होते. चालकावर गुन्हा नोंद होतो आणि बातमीत ‘ब्रेक निकामी झाल्याने ताबा सुटला’ हे ठरलेले वाक्य येते. ब्रेक निकामी होणे ही जणू आकाशातून कोसळणारी वीज आहे, असा त्या वाक्याचा सूर असतो. प्रत्यक्षात ट्रकचे ब्रेक अचानक क्वचितच जातात. ते आठवड्यांगणिक, खेपांगणिक जात असतात; त्या दिवशी फक्त त्याचा हिशेब पूर्ण होतो. तो हिशेब कसा मांडला जातो, हे समजून घेणे ट्रकच्या पुढे-मागे रोज प्रवास करणाऱ्या प्रत्येकाच्या हिताचे आहे.

छोटे राज्य, जड वाहतूक

गोव्याचे क्षेत्रफळ लहान असले, तरी येथील रस्त्यांवरचा भार लहान नाही. बेळगावकडून चोर्ला आणि अनमोड घाटांतून भाजीपाला, दूध, धान्य व बांधकामाचे साहित्य येते. उत्तरेला पत्रादेवीमार्गे महाराष्ट्रातून, दक्षिणेला पोळेमार्गे कारवारकडून मालाची ये-जा चालते. मुरगाव बंदराकडे जाणारी आणि तेथून निघणारी वाहतूक वेगळीच. याशिवाय चिरे, खडी आणि रेती वाहणारे टिपर राज्याच्या जवळजवळ प्रत्येक तालुक्यात दिसतात.

या सगळ्यांवर छाया आहे ती खाण व्यवसायाची. डिचोली, साखळी, उसगाव, धारबांदोडा, सावर्डे, कुडचडे, सांगे या पट्ट्यातील खाणींवरून खनिज ट्रकने नदीकाठच्या जेटीपर्यंत न्यायचे, तेथून बार्जने मांडवी किंवा जुवारीतून मुरगावला पोहोचवायचे, ही येथील जुनी पद्धत. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातील बंदरांतून वर्षाला ५ कोटी टनांच्या घरात लोहखनिज निर्यात होत असे. १० टनांची एक खेप धरली, तर खाणीवरून उचललेल्या प्रत्येक १ कोटी टन मालामागे रस्त्यावर १० लाख खेपा होतात, आणि तितक्याच वेळा रिकामा ट्रक परत जातो. त्या काळात खाणपट्ट्यातील माणसांनी काय सोसले, हे तेथील जुन्या रहिवाशांना विचारावे. पुढे २०१२ मध्ये खाणकाम थांबले, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि त्यानंतर लिलावाच्या मार्गाने हा व्यवसाय पुन्हा हळूहळू उभा राहू लागला.

या चढ-उताराचा ट्रकच्या प्रकृतीशी थेट संबंध आहे. वर्षानुवर्षे अंगणात, माळावर उभा राहिलेला ट्रक जसाच्या तसा राहत नाही. ऊन लागून टायरच्या बाजूंना बारीक भेगा पडतात, ब्रेकच्या यंत्रणेतील रबरी भाग कडक होतात, किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत ब्रेकचे ड्रम आणि हवेच्या नळ्या गंजतात. काम सुरू झाल्याची वार्ता येताच बॅटरी बदलून, इंजिन सुरू करून गाडी रस्त्यावर आणण्याचा मोह मालकाला होतो. इंजिन सुरू झाले म्हणजे ट्रक तंदुरुस्त आहे, हा समज येथूनच धोक्याचा ठरू लागतो.

डोळ्यांना न दिसणारे वजन

ट्रक किती भरला आहे हे आपण हौद्याच्या उंचीवरून ठरवतो. हा अंदाज फसवा असतो. दोन आसांच्या, म्हणजे पुढे दोन आणि मागे चार चाके असलेल्या ट्रकला मालासह एकूण १८.५ टन वजनाची मर्यादा आहे. जुलै २०१८ पूर्वी ती १६.२ टन होती. त्या वर्षी केंद्र सरकारने आसांवरील भाराची मर्यादा वाढवली आणि मागील चार चाकांच्या आसाला १०.२ ऐवजी ११.५ टनांची मुभा दिली. गाडीचे स्वतःचे वजन ७ टनांच्या आसपास धरले, तर मालासाठी साधारण ११ ते ११.५ टन उरतात.

आता माल कोणता, ते पाहावे लागते. लोहखनिजाचा एक घनमीटर ढीग दोन टनांहून जड भरतो. म्हणजे पाच घनमीटर खनिजातच मर्यादा संपते आणि तेवढ्याने मोठा हौदा अर्धाही भरलेला दिसत नाही. रेती खनिजापेक्षा हलकी. पण पावसात भिजलेली रेती कोरड्या रेतीपेक्षा कितीतरी जड होते. तोच ट्रक, तोच हौदा, तीच खेप, तरी जूनमधील वजन मे महिन्यापेक्षा अधिक! त्यातच हौद्याला फळ्या किंवा पत्रे जोडून उंची वाढवली असेल, तर अतिरिक्त भाराबरोबर गाडीचा गुरुत्वमध्यही वर सरकतो. सरळ रस्त्यावर शांत चालणारी अशी गाडी वळणावर आडवी होते, तेव्हा चालक भरधाव होता असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तो वेग त्या वळणासाठी नेहमीचाच असू शकतो. उंचावलेल्या भारासाठी तो जास्त ठरलेला असतो.

वजनकाट्याला पर्याय नाही, तो यासाठीच. डोळ्यांचा अंदाज पोलिसाचा असो, चालकाचा असो वा अनुभवी मालकाचा, तो चुकतो.

पाटे वाढवले म्हणून ताकद वाढत नाही

जास्त माल भरला की मागचा भाग दबतो. त्यावर गॅरेजात मिळणारा सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे कमानीत आणखी एक-दोन पाटे घालणे. असे केल्याने गाडी दबत नाही, समतल दिसते, आणि ‘आता ही कितीही उचलेल’ असा विश्वास निर्माण होतो.

हा विश्वास निराधार आहे. पाटे हा ट्रकच्या अनेक अवयवांपैकी एक अवयव. आस, चाकांच्या बेअरिंग, टायर, स्टिअरिंगचे सांधे, चासी आणि ब्रेक हे सारे कारखान्याने ठरवलेल्या भारासाठीच घडवलेले असतात. पाटे वाढवल्याने या कशाचीही क्षमता कणभर वाढत नाही. उलट जास्तीचा भार दाखवणारी एकमेव खूण, गाडीचे दबणे, तेवढी नाहीशी होते. ताप मोजायचे थर्मामीटर फोडून टाकावे आणि रोगी बरा झाला म्हणावे, तसाच हा प्रकार.

भाराचा ताण मग इतरत्र बाहेर पडतो. चासीला तडा जातो. तो वेल्डिंगने सांधला जातो. चासीचे पोलाद विशिष्ट प्रक्रियेने मजबूत केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगतचा भाग आपले मूळ बळ गमावतो. म्हणून काही महिन्यांनी नवा तडा बहुधा जुन्या सांध्याच्या शेजारीच दिसतो. मग त्यावर पट्टी ठोकली जाते. अशा तीन-चार पट्ट्या बाळगणारी गाडी बाहेरून रंगवल्यावर नव्यासारखी दिसते.

घाटात ब्रेक का हरतात

ब्रेकचे काम गती थांबवणे, असे आपण म्हणतो. पदार्थविज्ञानाच्या भाषेत ब्रेक गतीचे रूपांतर उष्णतेत करतात. ही उष्णता किती असते, याची कल्पना एका साध्या गणिताने येईल. १८.५ टनांचा ट्रक ५०० मीटर उंचीवरून खाली उतरतो, तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिने सुमारे ३५ लिटर पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ करता येईल. ट्रकचे वजन २५ टन असेल, तर हा आकडा ४८ लिटरांच्या आसपास जातो. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरणाऱ्या गाडीपुढचे काम या प्रतीचे असते.

यातील काही वाटा इंजिनचा अवरोध, हवा आणि टायर उचलतात. उरलेली सगळी उष्णता ब्रेकचे ड्रम आणि लायनर यांच्या वाट्याला येते. ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि लायनरपासून दूर सरकतो. लायनर तापला की त्याचे घर्षण कमी होते. चालक पेडल अधिक दाबतो, ब्रेक अधिक तापतो, आणि एका मर्यादेनंतर पेडल दाबूनही गाडी हळू होत नाही. ‘ब्रेक निकामी झाले’ याचा घाटातील अर्थ बहुतेक वेळा हाच असतो. म्हणजे ब्रेक तुटलेले नसतात. त्यांना झेपेल त्याहून अधिक काम दिलेले असते.

म्हणूनच जुन्या, जाणत्या चालकांचा दंडक असा की, ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीला मागे खेचते आणि ब्रेक थंड राहतात. याच्या नेमके उलट म्हणजे डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडणे. वाचलेले थेंबभर डिझेल आणि घाटाच्या पायथ्याशी असलेली वस्ती यांचा सौदा त्या क्षणी झालेला असतो, याची जाणीव ना चालकाला असते, ना त्याला डिझेलचा हिशेब मागणाऱ्या मालकाला.

सपाट रस्त्यावरही हेच गणित लागू होते. भार वाढला की थांबण्यासाठी लागणारे अंतर वाढते, आणि वेग दुप्पट झाला की जिरवायची ऊर्जा चौपट होते. तिठ्यावर अचानक वळणारी स्कूटर पाहून चालकाने वेळेत ब्रेक मारला तरी गाडी वेळेत थांबेल, याची शाश्वती अतिभारित ट्रकला देता येत नाही.

तात्पुरती दुरुस्ती, कायमचा धोका

आपल्याकडे जुगाडाचे कौतुक फार. रस्त्यात बंद पडलेली गाडी तारेच्या तुकड्याने चालू करणारा मेकॅनिक खरोखर कुशल असतो. गॅरेजपर्यंत पोहोचण्यासाठी केलेली तजवीज पुढे तशीच राहिली, की तेच कौशल्य घातक ठरते.

याचे सर्वांत गंभीर उदाहरण ब्रेकचे. ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. एखाद्या चाकाकडे जाणारी नळी गळू लागली की साऱ्या यंत्रणेतील हवा कमी होते. नवी नळी हाताशी नसेल, तर त्या चाकाची नळी दुमडून किंवा बुजवून टाकतात. हवा टिकते, गाडी चालते. पण एका चाकाला ब्रेक उरत नाही. उरलेल्या चाकांवर भार वाढतो आणि जोरात ब्रेक लावताच गाडी एका बाजूला खेचली जाते. हे चाक पुढचे असेल, तर समोरून येणाऱ्याच्या अंगावर गाडी जाण्यास तेवढे पुरते.

टायरची कथाही अशीच आहे. झिजलेल्या टायरवर नवा थर चढवणे, म्हणजे रिट्रेडिंग, ही मान्य आणि किफायतशीर पद्धत आहे. मूळ टायर सुस्थितीत असेल आणि काम नीट झाले असेल, तर तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. फाटलेल्या टायरच्या आत दुसऱ्या टायरचा तुकडा बसवून चालवणे ही मात्र निराळी गोष्ट. मागच्या जोडचाकांपैकी चांगला टायर बाहेर आणि गुळगुळीत झालेला आत, अशी मांडणीही नेहमीची आहे. आतल्या टायरची हवा गेली तरी बाहेरून कळत नाही. तो चिरडत, तापत जातो आणि शेजारच्या टायरवर दुप्पट भार टाकतो. हमरस्त्यावर पडलेल्या रबराच्या लांबच लांब पट्ट्या अशाच प्रवासाच्या खुणा असतात. जोडचाकांमध्ये अडकलेला दगडही असाच विसरला जातो. तो सुटतो तेव्हा मागच्या वाहनाच्या काचेवर किंवा दुचाकीस्वाराच्या तोंडावर येतो.

बंद पडलेला ट्रक हा वेगळाच सापळा. परावर्तक त्रिकोण ठेवण्याऐवजी मागे झाडाच्या फांद्या आणि दगड मांडले जातात. रात्रीच्या अंधारात, पावसात त्या फांद्या दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, दगड मात्र रस्त्यातच राहतात. मागील बाजूस लाल, बाजूंना पिवळ्या आणि समोर पांढऱ्या परावर्तक पट्ट्या लावण्याचा नियम आहे तो याच कारणासाठी. चिखलाचा थर बसला की त्या पट्ट्या असून नसल्यासारख्या होतात.

गळणाऱ्या मालाचाही विचार करायला हवा. उन्हाळ्यात रस्त्यावर सांडलेली खनिजाची माती धूळ होऊन घरांत शिरते आणि पहिल्या पावसात तिचा चिकट थर होतो. चारचाकीला तो जाणवत नाही. दुचाकी मात्र त्यावरून घसरते, आणि मागून येणारा ट्रक थांबू शकेल की नाही, हे वर सांगितलेल्या साऱ्या गोष्टींवर ठरते.

रस्त्याचे बिल कोण भरतो

अतिभारित ट्रकचा त्रास अपघातापुरता नाही. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून एक ठोकताळा पुढे आला. रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार दुप्पट झाला, तर झीज दुप्पट नव्हे, सुमारे १६ पट होते. आपल्याकडील ११.५ टनांच्या मर्यादेऐवजी मागच्या आसावर १५ टन टाकले, तर भार ३० टक्क्यांनी वाढतो. झीज मात्र जवळजवळ तिप्पट होते.

म्हणजे मालकाला मिळणारा लाभ टनाच्या हिशेबात आणि जनतेला बसणारा भुर्दंड चौथ्या घाताच्या हिशेबात! नवा डांबरी रस्ता दोन पावसाळ्यांत का उखडतो, याला निकृष्ट काम आणि निचऱ्याचा अभाव ही कारणे आहेतच. त्यांत हे तिसरे कारण मिळवायला हवे. आणि खड्ड्यांनी भरलेला रस्ता पुन्हा ट्रकचे पाटे, टायर व चासी मोडतो. हे चक्र असेच फिरत राहते.

कायदा काय सांगतो

कायद्यात त्रुटी नाहीत असे नाही. तथापि कायदाच नाही, ही तक्रार मात्र खरी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ नुसार योग्यता प्रमाणपत्राविना व्यावसायिक वाहन रस्त्यावर आणता येत नाही. नव्या वाहनाला पहिली दोन वर्षे, पुढे आठ वर्षे वयापर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ही तपासणी बंधनकारक आहे. टायरच्या आतील कापड उघडे पडले असेल, टायरला फुगवटा आला असेल किंवा योग्य प्रक्रियेविना वरून ठिगळ लावले असेल, तर तो टायर नियमांनुसार सदोष ठरतो.

अतिभारासाठी कलम १९४ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मूळ दंड २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये असा झाला. वजन करण्यास नकार देऊन गाडी पुढे नेल्यास ४० हजार रुपये. याहून महत्त्वाची तरतूद अशी की, जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देता येत नाही. दंड भरला म्हणजे तोच भार घेऊन पुढे जाण्याचा परवाना मिळाला, असा अर्थ लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच नकार दिला होता. शिवाय हे कलम केवळ चालकापुरते नाही. अशी गाडी चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा माणूसही त्याच्या कक्षेत येतो.

आता कलम १९० पाहावे. गाडीत दोष आहे हे ठाऊक असताना, किंवा साध्या दक्षतेने ते कळण्यासारखे असताना ती चालवल्यास दंडाची कमाल मर्यादा १,५०० रुपये आहे. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणी जखमी झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. एक टन माल जास्त भरणाऱ्याला २२ हजार आणि ब्रेकची नळी बुजवून गाडी हाकणाऱ्याला १,५०० रुपये, असा हा तोल आहे. ब्रेकच्या पूर्ण संचाची दुरुस्ती जेवढ्यास पडते, त्याच्या काही अंशानेही हा दंड भरत नसेल, तर हिशेबी मालक काय निवडेल, हे सांगायला नको.

वार्षिक तपासणीलाही मर्यादा आहेत. ती गाडीचे एका दिवसाचे छायाचित्र असते. त्या दिवसापुरते चांगले टायर चढवून, दिवे लावून गाडी नेता येते आणि उरलेले ३६४ दिवस ती पूर्ववत चालते. यंत्रांवर चालणारी स्वयंचलित तपासणी केंद्रे हा त्यावरचा एक उपाय. मानवी नजरेपेक्षा यंत्राला ब्रेकचा जोर अचूक मोजता येतो. तरीही मध्यंतरीच्या काळाचा प्रश्न उरतोच.

दोष चालकाच्या एकट्याच्या माथी का?

अपघातानंतर हातकडी चालकाला पडते. वास्तविक भार किती घ्यायचा, टायर कधी बदलायचा, दिवसाला किती खेपा मारायच्या, यांपैकी बहुतेक निर्णय त्याचे नसतात. भाडे टनावर ठरते, चालकाची कमाई अनेकदा खेपेवर ठरते, आणि ट्रकमालकाचा बँकेचा हप्ता महिन्यावर ठरलेला असतो. एक-दोन ट्रकांचा मालक हा काही धनाढ्य नसतो. खाणपट्ट्यात कर्ज काढून ट्रक घेतलेली आणि बंदीच्या काळात हप्त्यांखाली दबलेली कुटुंबे आपल्या शेजारीच आहेत. त्यांच्यासाठी सरकारला साहाय्याच्या योजना आणाव्या लागल्या, हा इतिहास जुना नाही. डिझेल आणि सुटे भाग महागतात, भाडे मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. तेव्हा उत्पन्न वाढवण्याचे दोनच मार्ग उरतात, जास्त माल आणि जास्त खेपा. आणि खर्च कमी करण्याचा एकच, देखभाल पुढे ढकलणे.

स्पर्धा ही अशी असते की, नियमाने चालणाराच मागे पडतो. शेजारचा १५ टन नेत असेल, तर १० टन नेणाऱ्याला काम मिळत नाही. म्हणून या प्रश्नाची नस माल भरण्याच्या जागी आहे. खाण, क्रशर, चिऱ्यांची खाण, गोदाम, बंदर येथे गाडी वजनकाट्यावरून गेल्याखेरीज बाहेर पडणार नाही आणि जादा माल भरून देणाऱ्यावरही कारवाई होईल, तर रस्त्यावर अधिकाऱ्याने हात दाखवून गाडी अडवण्याची गरजच कमी होईल. प्रत्येक ट्रकला एकच मर्यादा लागू झाली, की भाड्याचे दरही त्या मर्यादेला धरून ठरतील. प्रामाणिक मालकाला संरक्षण देणारा हाच मार्ग आहे.

त्याच्या जोडीला घाट उतरण्यापूर्वी ट्रक थांबवून ब्रेक तपासता येतील अशा सुरक्षित जागा, रात्रीच्या वेळी दिवे व परावर्तक पट्ट्यांची तपासणी आणि सदोष ब्रेकसाठी परिणामकारक दंड, एवढ्या गोष्टी झाल्या तरी चित्र पुष्कळ पालटेल.

आपल्या हाती काय आहे

सामान्य प्रवाशाला ट्रकचे ब्रेक तपासता येत नाहीत. सावध मात्र राहता येते. ट्रकच्या बाजूच्या आरशात चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही, हे दुचाकीस्वारांनी पक्के ध्यानात ठेवावे. वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नये. घाटात उतरणाऱ्या ट्रकच्या ऐन पुढे राहू नये. त्याच्या चाकांतून जळल्यासारखा वास किंवा धूर येत असेल, तर सुरक्षित जागी बाजूला होऊन त्याला जाऊ द्यावे. सळ्या, लाकडे वा खांब बाहेर आलेल्या गाडीमागे नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवावे. रात्री समोर अंधारातच काळोखाचा चौकोन दिसला, तर तो उभा ट्रक असू शकतो.

एखादी गाडी उघडपणे धोकादायक वाटल्यास ११२ वर, आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वर कळवता येते. ‘एमपरिवाहन’ या सरकारी ॲपवर क्रमांक टाकल्यास कोणत्याही वाहनाच्या योग्यता प्रमाणपत्राची व विम्याची मुदत पाहता येते. आपल्या घराचे बांधकाम काढलेल्या माणसाने चिरे, रेती, खडी मागवताना ही दोन मिनिटांची तपासणी अवश्य करावी. कारण एका खेपेत जास्त माल आणून द्या, म्हणजे स्वस्त पडेल, असा आग्रह धरणारे ग्राहक आपणच असतो. आपल्या दारात रिकाम्या होणाऱ्या त्या ट्रकचे वजन वाटेतल्या प्रत्येक पुलाने, प्रत्येक वळणाने आणि रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येक मुलाने सोसलेले असते.